लोकप्रिय गीतांचा अर्थ कसा लावावा?

गीत कानास गोड लागले म्हणजे ते समजले, असा समज सर्वत्र आढळतो. आमच्या विद्यार्थ्यांस कितीतरी चित्रगीते मुखोद्गत असतात. परंतु त्यांतील एखाद्या शब्दाचा अर्थ पुसला असता ते स्तब्ध होतात. उलटपक्षी कित्येक पालक एखादा शब्द कानी पडताच सबंध गीतास दोष देऊन मोकळे होतात. अर्थ लावण्याचे श्रम दोघेही घेत नाहीत. ते कसे घ्यावेत, हे मुख्यतः आपल्या वऱ्हाडातील कवींच्या उदाहरणांनी सांगण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम शब्द पाहावा. 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटात अकोल्याचे कवी डॉ. विठ्ठल वाघ यांचे पेरणीचे गीत आहे. त्याचा जीव 'तिफण' या शब्दात आहे. तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे अवजार. वरच्या चाड्यात मुठीने सोडलेले बी नळ्यांतून उतरून तिन्ही तासांत पडते. हे ज्यास ठाऊक नाही, त्यास चाल तेवढी कळेल. पावसाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याची आशा कळणार नाही. अशा वेळी कोश पाहावाच, परंतु घरच्या आजोबांसही विचारावे. वऱ्हाडीत विजेस 'ईज' म्हणतात. ती अशुद्धता नव्हे, बोलीचे रूप होय.

दुसरे, रचनेची रीत पाहावी. १९३२ साली अमरावतीस जन्मलेले सुरेश भट यांनी मराठी गझल घरोघरी नेली व तिचे नियम 'गझलेची बाराखडी' या पुस्तिकेत समजावून दिले. गझलेतील दोन ओळींचा प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असतो. यमक व अंत्यपद सर्वांस बांधून ठेवतात. म्हणून तीत सलग कथा शोधणारा फसतो. तसेच मदिरा व प्याला ही फारसी-उर्दू परंपरेतील जुनी रूपके होत. सूफी कवींनी त्यांतून ईश्वरप्रेमही गायिले आहे. त्या शब्दांनी पालकांनी एकदम बिचकू नये.

तिसरे, प्रसंग पाहावा. 'सिंहासन' (१९७९) या राजकीय चित्रपटातील भटांचे गीत वरवर पाहता पहाटेविषयी आहे. वस्तुतः उजेडाची वाट पाहणाऱ्या जनतेच्या पदरी अंधार आल्याची ती व्यथा आहे. 'सैराट' (२०१६) मधील गीतांवर गावोगाव मिरवणुका नाचल्या. परंतु त्या चित्रपटाचा शेवट जातीच्या अभिमानापायी झालेल्या तरुण दांपत्याच्या हत्येत होतो, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात आले असेल?

अर्थ कळल्यावर मगच निवाडा करावा. काही गीते खरोखरच हीन असतात. स्त्री म्हणजे बाजारातील वस्तू, असे ती शिकवितात. तेथे एकच कसोटी लावावी: हेच शब्द कोणी आपल्या भगिनीस उद्देशून म्हटले तर आपणांस रुचेल काय? ज्यास अर्थ कळतो, त्यास असे गीत मोठ्याने गाववत नाही. निराळ्या बंदीची गरजच उरत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आवडते एक गीत वहीत उतरून घ्या व पालकांसह बसून त्याचा अर्थ लावा. पालकांनीही तेवढी घटका अवश्य द्यावी. जे ओठांवर वारंवार येते, ते हळूहळू मनात घर करते. तेव्हा कोणास घरात घेत आहोत, हे आपणांस ठाऊक असलेले बरे.