आंदोलनाचा निरोप आणि गावचा ठराव

पूर्वी सभेची वर्दी दवंडीने मिळे. आता ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते. जुळे सोलापुरात बसून दूरच्या गावचा ठराव आम्हांस घटकाभरात कळतो. ही सोय मोठी खरी; परंतु तिच्यावर किती विसंबावे, याचा विचार शेतकरी बांधवांनी अवश्य करावा.

सन २०१७ चा संप पाहावा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे प्रथम ग्रामसभेत ठराव झाला. मग त्याची वार्ता भ्रमणध्वनीवरून गावोगाव पोचली, आणि १ जूनपासून दूध व भाजीपाला शहरांकडे धाडणे अनेक ठिकाणी थांबले. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन संप मागे घेतल्याचे जाहीर झाले. पण ही वार्ता पसरताच ठिकठिकाणी नापसंती उमटली व संप चालूच राहिला. ११ जून रोजी सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. तात्पर्य, चौघांनी परस्पर केलेली तडजोड आता झाकून राहत नाही. मात्र बोलणीस कोणास पाठवावे, हे यंत्र सांगत नाही. ते गावानेच आधी ठरविले पाहिजे.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या सीमेवरील आंदोलनाचे. तेथील शेतकऱ्यांनी ट्विटर, फेसबुक व यूट्यूब यांवरून आपली बाजू जगापुढे मांडली. जानेवारी २०२१ च्या अखेरीस सिंघू, टिकरी व गाझीपूर येथील इंटरनेट सरकारी हुकुमाने बंद झाले. तरी आंदोलन मोडले नाही. व्यासपीठावरील भाषणे, लंगर आणि डिसेंबर २०२० पासून निघालेले 'ट्रॉली टाइम्स' हे छापील पत्र यांचा आधार होताच. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे रद्द झाले.

याच साधनाचा घातही विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार केले. अशा अफवा तेव्हा भ्रमणध्वनीवरूनच फिरत होत्या. मृतांपैकी बहुतेक आपल्याच मंगळवेढे तालुक्यातील होते.

महसुली दप्तरात तारीख व सही नसलेल्या कागदावर अंमल होत नाही. तोच नियम निरोपास लावावा. कोणी, कोठे, केव्हा ठरविले हे नसेल तर तो पुढे धाडू नये. ठराव लेखी करावा, बोलणीस जाणाऱ्यांची नावे व मर्यादा त्यात नमूद कराव्यात, आणि यंत्र बंद पडल्यास निरोप कोणी न्यावयाचा, हेही त्याच बैठकीत ठरवावे. सभेत न झालेला निर्णय निरोपाने होत नाही, हे ध्यानी असावे.