फोन घेण्यापूर्वी

सोयाबीन विकून होते, कापसाची पहिली वेचणी घरात येते आणि साखरखेर्ड्यासारख्या गावातील अनेक घरांत राहून गेलेल्या खरेदीची यादी निघते. कुणाला शिलाई यंत्र हवे असते, कुणाला घरावरचे पत्रे बदलायचे असतात. या यादीत हल्ली एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे मोबाइल फोन. नवा फोन बहुधा एकच येणार असतो आणि तो वापरणारे चार-पाच जण असतात. वडिलांना बाजारभाव पाहायचे असतात. ताईला परीक्षेचा अर्ज भरायचा असतो. धाकट्याला शाळेचा अभ्यास उतरवून घ्यायचा असतो. आजीला पुण्याला कामाला गेलेल्या नातवाचा चेहरा पाहायचा असतो. म्हणून या खरेदीत चूक झाली, तर ती साऱ्या घराला तीन-चार वर्षे सोसावी लागते.

दुकानात गेल्यावर आपल्याला फोनचा रंग, कॅमेरा आणि किंमत सांगितली जाते. परंतु त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा फोन कोणत्या प्रणालीवर चालतो?

प्रणाली म्हणजे काय? काच, बॅटरी, कॅमेरा, आवाज येणारा कर्णा हे फोनचे भाग झाले. पण पडद्यावर बोट ठेवले, की कोणते चित्र उघडायचे, फोन आला की कोणता आवाज करायचा, छायाचित्र कोठे साठवायचे, ही सारी कामे ठरवणारी एक आज्ञावली फोनमध्ये असते. तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. व्हॉट्सॲपसारखी सर्व ॲप्स या प्रणालीच्या आधारावरच चालतात. आज जगातील बहुतेक स्मार्टफोन दोनपैकी एका प्रणालीवर चालतात. एक गुगल कंपनीची अँड्रॉइड आणि दुसरी ॲपल कंपनीची आयओएस. आयओएस फक्त ॲपलच्या आयफोनमध्ये असते. अँड्रॉइड मात्र अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये असते. भारतात शंभरांतील नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत.

या दोन प्रणालींतील फरक आपल्या विदर्भातील एका उदाहरणाने समजेल. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी शकुंतला नावाची छोटी रेल्वे एके काळी धावत असे. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट होते. मूर्तिजापूरहून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मोठ्या रेल्वेच्या रुळांतील अंतर साडेपाच फूट आहे. दोन्ही गाड्या एकाच स्थानकात येत, पण छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नसे. प्रवाशांना उतरून गाडी बदलावी लागे. फोनचेही तसेच आहे. अँड्रॉइडसाठी बनवलेले ॲप आयफोनवर चालत नाही आणि आयफोनचे ॲप अँड्रॉइडवर चालत नाही. एकाच ॲपची दोन्हींसाठी वेगवेगळी आवृत्ती बनवावी लागते. एका प्रणालीवर पैसे देऊन घेतलेले ॲप दुसऱ्या प्रणालीच्या फोनवर बहुधा पुन्हा विकत घ्यावे लागते.

ही स्पर्धा फार जुनी नाही. ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी ९ जानेवारी २००७ रोजी पहिला आयफोन जगाला दाखवला. भारतात आयफोन २००८ मध्ये विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत ३१,००० रुपयांपासून सुरू होत होती. अँड्रॉइड ही मूळची एक छोटी कंपनी होती. गुगलने ती २००५ मध्ये विकत घेतली. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. गुगलने ही प्रणाली इतर कंपन्यांना वापरू दिली, म्हणून स्वस्त फोन तयार होऊ लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात अँड्रॉइड वन नावाचे फोन निघाले. त्यांची किंमत सुमारे ६,४०० रुपये होती. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचला.

आपल्या साखरखेर्ड्याच्या रणांगणावर १७२४ साली निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. तिचा निकाल तोफा-तलवारींनी लावला. फोनच्या बाजारातील लढाईचा निकाल मात्र ग्राहक लावत असतात. या लढाईत मोठमोठे हरले. नोकियाच्या फोनमधील सिंबियन प्रणाली एके काळी जगात पहिली होती, ती आज नाही. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये विंडोज फोन आणला. त्याच्यासाठी ॲप्स कमी बनली, म्हणून लोकांनी तो कमी घेतला. लोकांनी कमी घेतला, म्हणून ॲप्स आणखी कमी बनली. ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्यावर व्हॉट्सॲप बंद झाले. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबल्या. २०१७ मध्ये आलेला बटणांचा जिओफोन कायओएस नावाच्या प्रणालीवर चाले. पंधराशे रुपये अनामत भरून तो मिळे. अनेक गरीब घरांत पहिले इंटरनेट त्यानेच आणले, पण त्या प्रणालीवरील व्हॉट्सॲपही पुढे बंद झाले. यावरून काय शिकायचे? फोनचे यंत्र चांगले असले तरी प्रणाली मागे पडली, की तो फोन निरुपयोगी होऊ लागतो.

आता दोन्ही प्रणालींची तुलना करू.

पहिली गोष्ट किमतीची. नवा आयफोन साध्या अँड्रॉइड फोनच्या कित्येक पट महाग असतो. आयफोनची जुळणी २०१७ पासून भारतातही होते, तरी तो सामान्य घराच्या आवाक्यात आलेला नाही. अँड्रॉइडमध्ये मात्र लहान-मोठ्या सर्व किमतींचे फोन मिळतात. दुरुस्तीचाही विचार करावा. फुटलेली काच तालुक्याच्या गावी बदलून मिळेल की त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागेल, हे आधीच विचारावे.

पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. अँड्रॉइड वापरू देऊन गुगल जाहिरातींतून व आपल्या सेवांतून पैसा मिळवते. अँड्रॉइडच्या बळावर गुगलने बाजारात अनुचित वर्तन केले, असे ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. ॲपलही काही साधी नाही. तिच्या दुकानातून डिजिटल वस्तू विकणाऱ्यांकडून ती ३० टक्क्यांपर्यंत दलाली घेते. दोन्ही कंपन्या व्यापारी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट भाषेची. तुम्ही उर्दू आणि मराठी अशा दोन लिप्या वाचता, म्हणून ही गोष्ट तुमच्या विशेष कामाची आहे. मराठी डावीकडून उजवीकडे आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. देवनागरीत दोन अक्षरे जोडून तिसरेच रूप बनते. उर्दूत अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी निराळे दिसते. नस्तालीक वळणात तर शब्द तिरपा उतरत जातो. हे यंत्राला शिकवणे कठीण होते, म्हणून फोनवर उर्दू बराच काळ नस्ख वळणात दिसे. गुगलने २०१४ मध्ये नोटो नस्तालीक उर्दू हा अक्षरसंच सर्वांसाठी खुला केला. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून नस्तालीक आली. अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनांवर मात्र उर्दू मजकूर अजूनही नस्ख वळणातच दिसतो. उलट, फोनवरील सूचना मराठीत आणि उर्दूत वाचण्याची सोय अँड्रॉइडमध्ये बरीच वर्षे आहे. आयफोनमध्ये ती २०२५ च्या आयओएस १८.४ पासून मिळाली. भारत सरकारनेही २०१६ मध्ये आदेश काढला. त्यानुसार देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भारतीय भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे. शिवाय इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिताही आले पाहिजे. ज्या घरात आजी फक्त उर्दू वाचते, तेथे ही सोय कॅमेऱ्यापेक्षा मोलाची आहे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. पावसाळ्यापूर्वी आपण छप्पर शाकारतो. फोनच्या प्रणालीलाही अशी डागडुजी लागते. चोरट्यांनी शोधलेली छिद्रे बुजवण्यासाठी कंपनी वेळोवेळी सुधारित आज्ञावली पाठवते. तिला अपडेट म्हणतात. आयफोनला ती अनेक वर्षे मिळते. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ ची आयओएस १५ मिळाली होती. अँड्रॉइडमध्ये हे फोन बनवणाऱ्या कंपनीवर अवलंबून असते. २०२३ च्या गुगल पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन कंपन्यांनी दिले आहे, पण हे महागडे फोन आहेत. स्वस्त फोनला ही मुदत बरीच कमी असते.

म्हणून किमतीचा हिशेब वर्षांवर करावा. समजा, एक फोन १२,००० रुपयांचा आहे आणि त्याला तीन वर्षे अपडेट मिळणार आहे. त्याचा खर्च वर्षाला ४,००० रुपये पडला. दुसरा १८,००० रुपयांचा आहे आणि त्याला सहा वर्षे अपडेट मिळणार आहे. त्याचा खर्च वर्षाला ३,००० रुपयेच पडला. तिसरा ६०,००० रुपयांचा असून त्यालाही सहाच वर्षे मिळणार असतील, तर वर्षाला १०,००० रुपये झाले. सर्वांत स्वस्त दिसणारा फोन नेहमी स्वस्त पडतो असे नाही आणि सर्वांत महागाचीही गरज असतेच असे नाही.

सुरक्षिततेत आपला वाटाही असतो. भारतात आयफोनवर ॲप सहसा ॲपलच्या दुकानातूनच घ्यावे लागते. अँड्रॉइडवर ते बाहेरूनही घालता येते. अशा फाइलला एपीके म्हणतात. ही मोकळीक उपयोगी आहे, पण भामटे तिचाच फायदा घेतात. लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड किंवा शेतकरी योजना यांच्या नावाने ते एपीके फाइल पाठवतात. ती उघडली, की बँकेतील पैसे जाऊ शकतात. अशी फाइल कधीही उघडू नये. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

चौथी गोष्ट प्रणाली बदलण्याची. व्हॉट्सॲपवरील जुने संदेश एका प्रणालीवरून दुसरीवर नेण्याची अधिकृत सोय २०२१ पूर्वी नव्हती. ती २०२१ व २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने आली. तरीही घरातील सगळ्यांना एका प्रणालीची सवय असेल, तर ती बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

जुना फोन घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. कमी पैशात आयफोन मिळतो म्हणून काही जण पावती नसलेला फोन घेतात. पहिल्या मालकाने आपले खाते काढले नसेल, तर दोन्ही प्रणालींचे फोन पुसून नव्याने सुरू करताना अडून बसतात. फोन चोरीचा असेल तर वेगळेच संकट ओढवते. *#०६# दाबले, की फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. सरकारच्या संचार साथी सेवेवर तो तपासता येतो. पावती आणि हा क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मित्रांनो, घरात फोनचा विषय निघाला, की मोठी माणसे आता तुम्हाला विचारतात. तेव्हा पुढील प्रश्न कागदावर लिहून दुकानात न्या. फोन कोण कोण वापरणार? अपडेट किती वर्षे मिळणार? मराठी व उर्दू नीट वाचता-लिहिता येते का? काच कोठे बदलून मिळेल? हप्त्याने घेतला तर एकूण रक्कम किती होईल? दुकानातच एक वाक्य मराठीत आणि एक उर्दूत लिहून पाहा.

मित्राच्या हातात कोणता फोन आहे, हे त्या कागदावर लिहू नका. महाग फोनमुळे कुणी मोठा होत नाही आणि साध्या फोनमुळे कुणी लहान होत नाही. वडिलांचा हंगामाचा घाम ज्या वस्तूत जाणार आहे, ती घराच्या उपयोगी पडली पाहिजे. प्रणाली कोणतीही असो, निवड आपल्या गरजेने व्हावी, जाहिरातीने नव्हे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कार्यप्रणाली म्हणजे काय?
(आ) आयफोनमध्ये नस्तालीक वळण केव्हा आले?
(इ) आयएमईआय क्रमांक कसा पाहता येतो?

२. कारणे लिहा.
(अ) शकुंतला रेल्वेच्या प्रवाशांना मूर्तिजापूरला गाडी बदलावी लागे.
(आ) विंडोज फोन बाजारात टिकला नाही.
(इ) अनोळखी एपीके फाइल उघडू नये.

३. खरेदी, किंमत, बाजार, दुकानदार, हप्ता हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

४. तुमच्या घरातील फोन कोण कोण कशासाठी वापरतात, याची माहिती घ्या आणि आठ-दहा ओळी लिहा.