ट्रॅक्टरच्या मडगार्डाचा पोचा घरच्या घरी कसा काढाल?



उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला उसंत नसते. भरलेली ट्रॉली शेतातून काढताना बांधाच्या तोंडाशी वळण जरा आखूड घेतलं, किंवा मागे घेताना ट्रॉली तिरपी झाली, की तिच्या पुढच्या फाळक्याचा कोपरा थेट मागच्या चाकावरील मडगार्डात घुसतो. पोचा पडतो, रंगाची खपली उडते, आणि आपण म्हणतो, "हंगाम संपू दे, मग बघू." हंगाम संपेस्तोवर पावसाळा तोंडावर येतो आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. पत्रा आत दबून टायरला घासू लागला तर टायरही कापतो, आणि टायर काही स्वस्त नाही.

साधा पोचा घरी काढता येतो. त्याला महागडी हत्यारं लागत नाहीत, धीर मात्र लागतो.

आधी पोचा आपल्या हातचा आहे का, ते पाहून घ्या. मडगार्डाला लोहचुंबक लावून बघा. चुंबक अजिबात धरत नसेल तर मडगार्ड फायबरचं आहे, तिथे हातोडा चालवू नका. मडगार्ड पत्र्याचं असून एखाद्या जागी चुंबक सैल धरत असेल, तर तिथे पूर्वी कोणीतरी लांबीचा जाड थर भरलेला आहे असं समजा. मग खालच्या बाजूचा चिखल खरवडून धुऊन काढा. ज्या ब्रॅकेटवर मडगार्ड बसतं तिथे बारीक चीर गेली असेल, पत्रा फाटला असेल किंवा गंजून आरपार भोक पडलं असेल, तर ते काम वेल्डरचं. ही चीर बहुधा मडगार्डावर माणसं बसवल्यानेच पडते. मडगार्ड म्हणजे बाकडं नव्हे. चीर गेलेलं मडगार्ड माणसासकट चाकाखाली जाऊ शकतं.

आता पत्रा वागतो कसा, ते समजून घेऊ. पोचा नीट न्याहाळला तर मध्ये खोलगट भाग आणि त्याच्या भोवती एक उंच कड दिसेल. खोलगट भाग बराचसा नुसता ओढला गेलेला असतो. खरी मुरड कडेला असते, आणि मुरड पडलेला पत्रा तिथे कडक होतो. ती कडच मधल्या भागाला अडकवून ठेवते. म्हणून पोच्याच्या पोटात जोरात घण घालणं ही सगळ्यात मोठी चूक. तसं केलं की मधला पत्रा ताणला जातो, त्याचा फुगवटा होतो आणि कड जिथल्या तिथे राहते. ताणलेला पत्रा मग डब्याच्या झाकणासारखा टक-टक आत-बाहेर होत राहतो. तो परत आकसायला लाल तापवून थंड करावा लागतो, आणि ते जाणत्या कारागिराचंच काम आहे.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले तांबट भांड्यावर मठारकाम करतात तेव्हा त्यांचा हातोडा कसा पडतो ते कधी पाहा. जोर थोडा, पण ठोका सारखा आणि एकाला लागून एक. आपला पत्रा तांब्याचा नाही, पण हात तसाच चालला पाहिजे.

तयारी अशी करा. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मागच्या दिव्याच्या आणि इंडिकेटरच्या वायरी कुठली कुठे जाते ते रंगावरून कागदावर लिहून मगच काढा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री डिझेल टाकून ठेवा, म्हणजे पान्याला झगडावं लागत नाही. मडगार्ड काढताना जोडीला एक माणूस घ्या, ते दिसतं त्याहून जड असतं. पोचा लहान असला तरी काढूनच काम करा. चाकावर असतानाच गॅसने तापवण्याचा विचार तर मनातही आणू नका. टायरजवळ जाळ नेला तर टायर फुटून जीव जाऊ शकतो.

हत्यारं म्हणाल तर एक लाकडी हातोडा, एक चापट तोंडाचा लोखंडी हातोडा, कडा घासून गुळगुळीत केलेला किलो-दीड किलोचा लोखंडी ठोकळा आणि अर्धं भरलेलं वाळूचं पोतं. एवढं पुरे. ठोकळ्याला गॅरेजवाले डॉली म्हणतात. हातोड्याच्या तोंडावर खाच असेल तर ती आधी घासून काढा, नाहीतर तिची खूण प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर उमटेल. डोळ्यांना चष्मा असू द्या.

मडगार्ड वाळूच्या पोत्यावर पालथं ठेवा, म्हणजे बाहेरची बाजू वाळूवर येईल. आतून लाकडी हातोड्याने पोच्याच्या काठापासून सुरुवात करा आणि हलके ठोके देत गोल गोल फिरत मध्याकडे या. एका फेरीत काम होत नाही, चार-पाच फेऱ्या लागतात. निम्म्याहून जास्त पोचा इथेच वर येतो.

राहिलेल्या भागासाठी डॉली घ्या. मडगार्ड उभं धरायला जोडीदाराला सांगा. आतून डॉली खोलगट जागेखाली दाबून धरा आणि बाहेरून लोखंडी हातोडा शेजारच्या उंच कडेवर मारा. ठोका डॉलीवर पडता कामा नये, तिच्या बाजूला पडला पाहिजे. कड खाली बसते आणि डॉलीच्या रेट्याने खड्डा वर येतो. डॉलीच्या बरोबर वर ठोका मारला तर पत्रा दोन लोखंडांत चेपून पातळ होतो आणि पसरतो. तसे ठोके अगदी शेवटी, बारीक खळगे काढायला, तेही हलक्या हाताने.

नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. तळव्याखाली पातळ फडकं धरून हात लांब फिरवा, उंचवटा-खळगा चटकन हाताला लागतो. नाहीतर सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासा. उंच जागा आधी चकाकतील, खळगे काळे राहतील.

आता लांबी. बरेच जण अर्धवट ठोकून बाकीचा खड्डा लांबीने बुजवतात. मोटारीत ते काही दिवस चालून जाईल, ट्रॅक्टरच्या हादऱ्यात मात्र जाड लांबी तडकते, आत पाणी शिरतं आणि वरून रंग शाबूत दिसत असताना खाली पत्रा कुजतो. म्हणून लांबीचा थर ३ मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर हातोडा पुन्हा उचला. रंग आणि गंज पूर्ण घासून पत्रा उघडा करा आणि थिनरने पुसा. पॉलिएस्टर लांबी उघड्या पत्र्यावरच धरते, रेड ऑक्साइडवर लावू नका. हार्डनर साधारण १०० भाग लांबीला २ भाग, बाकी डब्यावर लिहिलं असेल तसं. थोडीथोडीच कालवा, उन्हाळ्यात ती हातातच घट्ट होते. सुकल्यावर ८० नंबर, मग १८० नंबर पेपरने कोरडीच घासा. ही लांबी पाणी पिते, म्हणून तिच्यावर पाणी वापरायचं नाही आणि दवात उघडी ठेवायची नाही. घासताना नाकाला फडकं बांधा, लहान मुलांना लांब ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि तो भुगा पोटात जाणं वाईट.

नंतर प्रायमर, तो वाळल्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर हलका फिरवून एनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्या. दोन हातांत एक रात्र जाऊ द्या. आतल्या बाजूलाही रंग द्यायला विसरू नका, चिखल तिथेच बसतो.

मडगार्ड बसवताना नटाखाली नवे वॉशर घाला, रबर चेपले असतील तर तेही बदला. चाक हाताने फिरत नाही, म्हणून ट्रॅक्टर सावकाश एक फेरा पुढे घेऊन टायर आणि पत्रा यांत सगळीकडे सारखी फट राहते ना, ते जोडीदाराला लांबून बघायला सांगा. बॅटरी जोडून मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर लावून पाहा. लाल रिफ्लेक्टर काढला असेल तर तोही परत लावा. रात्री कारखान्यावर जाताना मागच्या गाडीला तोच दिसतो.