सीडी-फोर किती आला?

संगमेश्वर-देवरुखकडून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या मिळतात तिथे, जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर एक आकडा असतो, सीडी-फोर. घरी परतल्यावर पहिला प्रश्न त्याचाच. आणि गैरसमजही त्याच्याच भोवती.

आकडा वाढला म्हणजे रोग वाढला, हा त्यातला सर्वांत घातक. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. इथे विषाणू मोजतच नाहीत. मोजतात त्या आपल्याच टी-पेशी, ज्यांचा एचआयव्ही फडशा पाडतो. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण 500 ते 1500 असतात. 200च्या खाली गेल्या की न्यूमोनियासारखे संधिसाधू आजार गाठतात. विषाणू मोजायची तपासणी निराळी, व्हायरल लोड.

दुसरा घोळ अँटिबॉडीचा. एचआयव्हीच्या पहिल्या चाचणीत रुग्णाच्या शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी शोधतात. सीडी-फोर मोजताना मात्र अँटिबॉडी बाटलीतून येते आणि रक्ताच्या नळीत पडते. रुग्णाला ती टोचत नाहीत, ते औषधही नव्हे. 1975 साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा संकर केला. अशा एका पेशीच्या वंशातून हवी तितकी एकसारखी अँटिबॉडी मिळू लागली, हीच मोनोक्लोनल. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या टी-पेशी सारख्याच दिसतात. चमकणारा रंग जोडलेली ही अँटिबॉडी सीडी-फोर नावाच्या प्रथिनाला चिकटते, आणि फ्लो सायटोमीटरच्या लेझरसमोरून एकेक पेशी जाताना रंगलेली तेवढी मोजली जाते.

मग चिकटली की झालं? नाही, आणि इथे शिकलेली मंडळीही फसतात. मोनोसाइट पेशींवरही थोडं सीडी-फोर असतं. म्हणून टी-पेशींची खूण असलेल्या सीडी-थ्रीची अँटिबॉडी दुसऱ्या रंगात सोबत घालतात. दोन्ही रंग उमटले तरच पेशी धरायची. मेलेल्या पेशी तर वाटेल ती अँटिबॉडी चिकटवून घेतात. संशोधनात यासाठी त्या आधी वेगळ्या ओळखून वगळाव्या लागतात. एका खुणेवर पेशीचं नाव ठरवणाऱ्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

नमुना बर्फात घातला की टिकतो, असं कोकणातल्या उकाड्यात कुणालाही वाटेल. पण गोठलेल्या पेशी फुटतात. रक्त साध्या तापमानाला, उन्हापासून जपून, वेळेत पोचवायचं असतं.

470 चे 420 झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. सकाळ-संध्याकाळ, साधा ताप, गरोदरपण, एवढ्यानेही आकडा हलतो.

1 एप्रिल 2004 रोजी देशात आठ सरकारी रुग्णालयांत, मुंबईच्या जे. जे.सह, मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा आकडा घसरेपर्यंत थांबावं लागे. तो नियम अनेकांच्या डोक्यात अजून पक्का आहे. 2017 पासून आकडा कितीही असो, निदान झालं की गोळ्या सुरू होतात. आणि 800 आला म्हणून त्या बंद केल्या, तर पेशींत दडून बसलेला विषाणू बहुतेकांत काही आठवड्यांतच पुन्हा रक्तात उतरतो.