ग्रेट निकोबार

भारताच्या अंदमान व निकोबार बेटे या केंद्रशासित प्रदेशातील निकोबार द्वीपसमूहाचे सर्वांत मोठे व अगदी दक्षिणेकडील बेट. क्षेत्रफळ सु. ९१० चौ. किमी. त्याचे दक्षिण टोक इंदिरा पॉइंट हे भारताचे सर्वांत दक्षिणेकडील स्थळ आहे.

म्यानमारमधील आराकान योमा पर्वतरांग सागरतळावरून सुमात्राकडे गेली असून तिच्या पाण्याबाहेर राहिलेल्या माथ्यांपैकी हे बेट एक होय. मौंट थूलियर (६४२ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर, तर दक्षिणवाहिनी गॅलाथिया ही प्रमुख नदी आहे. पर्जन्यमान वार्षिक ३,००० मिमी.हून अधिक असल्याने बेटाचा बहुतेक भाग सदाहरित वनांनी व्यापलेला आहे. वनांत शोंपेन, तर किनाऱ्यालगत निकोबारी लोक पूर्वापार राहत आले आहेत.

येथील जीवसृष्टीचे नाते भारतीय मुख्यभूमीपेक्षा सुमात्राशी अधिक जवळचे आहे. खोल समुद्रामुळे मोठे मांसाहारी सस्तन प्राणी येथे पोहोचले नाहीत. ज्या प्राण्यांनी समुद्र ओलांडला, त्यांच्यापासून दीर्घ विलगतेत स्वतंत्र जाती व उपजाती निर्माण झाल्या. खारीसारखा दिसणारा निकोबार ट्री श्रू, लांब शेपटीच्या माकडाची निकोबारी उपजाती व ग्रेट निकोबार सर्पगरुड ही त्यांची उदाहरणे होत.

निकोबार मेगॅपोड हा पक्षी अंडी उबवीत नाही. वाळू, माती व पालापाचोळा यांचा मोठा ढीग रचून त्यात तो अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाचोळ्याची ऊब त्यांना पुरते. पिलू पिसांसह बाहेर पडते व लगेच स्वतंत्रपणे जगू लागते. असे ढीग मुख्यतः किनाऱ्यालगतच्या वनात आढळतात. गॅलाथिया नदीच्या मुखाजवळील पुळणींवर लेदरबॅक ही कासवेही अंडी घालतात. अशा रीतीने बेटावरील अनेक जीवांचा वंश किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यावर अवलंबून आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजीच्या भूकंपात इंदिरा पॉइंटची भूमी सु. ४ मी. खचली. त्यानंतरच्या त्सुनामीने निकोबारी वस्त्या, पुळणी व कच्छ वनश्री उद्‌ध्वस्त झाली आणि मेगॅपोडांची संख्या फार घटली. पुळणी पुन्हा तयार झाल्यावर कासवे परतली.

बेटावर १९८९ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र स्थापन झाले. यूनेस्कोने २०१३ मध्ये त्यास मान्यता दिली. गॅलाथिया उपसागर अभयारण्याचा दर्जा मात्र २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील बंदर, तसेच विमानतळ, नगर व वीजकेंद्र यांच्या प्रकल्पास पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. त्यासाठी सु. १३० चौ. किमी. वनजमीन वापरावयाची आहे. बंदरासाठी निवडलेला किनारा आणि कासवांच्या विणीचा किनारा एकच असल्याने हा प्रकल्प वादाचा विषय ठरला आहे.