पंप गळतोय, पण नेमका कुठून?

श्रोतेहो, आमच्या घरी थोरल्या भावाची एक जुनी डिझेल जीप होती. भाईजान ती तालुक्याच्या गावापासून आमच्या गावापर्यंत वडापला चालवत. घरची चूल तिच्यावर पेटे आणि माझं बी. ए.सुद्धा तिच्यावरच झालं. एका पावसाळ्यात सकाळी ती सुरूच होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. इंजिनाखालच्या मातीवर ओला डाग पडला होता आणि डिझेलचा वास सुटला होता. "पंप गेला," एवढंच भाईजान म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले. पंप जाणं म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण महिन्याची कमाई गेली, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं.

प्रत्यक्षात पंप गेला नव्हता. त्याच्यातली एक रबरी रिंग गेली होती. गळणारा पंप आणि संपलेला पंप यांतला हा फरक जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा, म्हणून आजचं हे बोलणं.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते, की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हा फवारा नेमक्या क्षणी, नेमक्या मापाचा आणि जबरदस्त दाबाचा हवा. रुडॉल्फ डिझेल यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत त्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरत. ते यंत्र अवजड होतं. पुढे १९२७ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंजेक्शन पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये, मग मोटारीत बसलं. आपल्याकडे १९५१ साली 'मायको' कंपनी निघाली. २००८ साली तिचं नाव 'बॉश लिमिटेड' झालं. पण जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी अजूनही 'मायकोचा पंप' असतो. आपल्या नाशिकच्या सातपूरलाही तिचा नोझल बनवणारा कारखाना आहे.

आता दाबाचा अंदाज घ्या. मोटारीच्या टायरात आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. जुन्या इंजिनाचं नोझल उघडायला दोन हजार पौंडांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त दाब लागतो. हा दाब पंपातला एक छोटा दट्ट्या निर्माण करतो. दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामध्ये रबर मुळीच नसतं. पोलादावर पोलाद इतकं घट्ट बसवलेलं असतं, की मधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, दोन-तीन भाग एवढीच असते. रबरी रिंगा आणि सील असतात ते बाहेरच्या सांध्यांना : वरच्या झाकणाला, ॲक्सिलरेटरच्या दांडीला, मागच्या डोक्याला, पुढच्या मुख्य दांड्याला. म्हणूनच बाहेर डिझेल ठिबकायला लागलं, तर बहुधा दोष रबराचा असतो. पंपाचं काळीज शाबूत असतं.

हे रबर का जातं? वय आणि इंजिनाची उष्णता ही दोन कारणं उघड आहेत. तिसरं कारण खुद्द डिझेलमध्ये आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. त्यात दहा लाखांत जास्तीत जास्त दहा भाग. हवेसाठी ही फार चांगली गोष्ट झाली. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले आणखी काही घटकही कमी होतात. त्या घटकांमुळे जुनं नायट्राइल रबर थोडं फुगून सांध्यात घट्ट राहत असे. ते कमी झाले, की वर्षानुवर्षं फुगलेली रिंग आक्रसते आणि सांधा पाझरू लागतो. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा तिथल्या जुन्या गाड्यांच्या पंपांबाबत हाच अनुभव आला होता. म्हणून सील किट घेताना व्हायटॉन जातीच्या रबराचा मागावा. ते उष्णता आणि नवं डिझेल, दोन्ही चांगलं सोसतं.

आमच्या जीपसाठी भाईजाननी तालुक्याच्या पंपवाल्या मिस्त्रींना आणलं. त्यांनी आल्याबरोबर पाना हातात घेतला नाही. रॉकेल आणि ब्रश मागितला, पंप स्वच्छ धुऊन फडक्याने कोरडा केला. मग घरातली अंगाला लावायची पावडर मागवून पंपावर भुरभुरली. हवा काढून इंजिन सुरू केलं आणि ते बघत बसले. गळलेलं डिझेल खाली ओघळत जातं, त्यामुळे सगळाच पंप ओला दिसतो. पण पावडर जिथे सर्वांत आधी आणि सर्वांत वर भिजते, तिथे मूळ. तो डाग ॲक्सिलरेटरच्या दांडीपाशी उमटला. तिथूनच रात्री हवा आत शिरायची, डिझेल टाकीकडे परतायचं आणि सकाळी गाडी सुरू व्हायची नाही.

ते बघताना नोझलच्या नळीच्या नटापाशीही मला बारीकसा फवारा दिसला. मी बोट पुढे केलं. मिस्त्रींनी माझ्या हातावर फटका मारला. "अरे कविराज, बोट काढ आधी!" कॉलेजात कविता करतो म्हणून ते मला कविराज म्हणत. मग त्यांनी आपला उजवा हात दाखवला. तर्जनी अर्धीच होती. तरुणपणी असाच एक फवारा बोटाने चाचपला होता. टाचणी टोचल्याएवढी खूण. दुखलंही फारसं नाही, म्हणून ते काम करत राहिले. दुसऱ्या दिवशी बोट काळंनिळं पडलं.

श्रोतेहो, एवढी एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. दाबाखालचं डिझेल कातडी भेदून आत जातं आणि आतल्या आत मांस मारतं. जखम कितीही लहान दिसो, त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठावा आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. फवारा शोधायचा तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

मग घरी काय करता येईल? नोझलवरून परतणाऱ्या डिझेलच्या कापडी रबरी नळ्या बदलता येतात. पोकळ बोल्टांखालचे तांब्याचे वायसर इंजिन बंद ठेवून नवे घालता येतात. नळीचा नट फिरवताना पंपावरचा खालचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा. नाहीतर तो सैल होऊन नवी गळती सुरू होते. जोर लावून आवळू नये. काम झाल्यावर हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. आणि तापलेल्या पंपावर गार पाणी कधीही मारू नये. इतक्या बारीक फटीचा दट्ट्या आत जाम होऊ शकतो.

झाकण, डोकं, दांडा या सांध्यांना मात्र जाणत्या माणसानेच हात घालावा. मिस्त्रींनी ॲक्सिलरेटरचा दांडपट्टा काढण्याआधी त्यावर आणि दांडीवर पंचने समोरासमोर खूण केली. तो एक दाता जरी चुकला, तरी इंजिनाचा वेग बिघडतो; आतला गव्हर्नर नीट अडकला नाही, तर इंजिन बेफाम पळतं. पंप खाली उतरवायचा असेल, तर टायमिंगची खूण आधी करावी आणि पंप कॅलिब्रेशनच्या बेंचवर तपासूनच परत बसवावा.

दोन गळत्या मात्र उद्यावर टाकू नयेत. ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली आणि तिला डिझेलचा वास आला, तर डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतंय, असं समजावं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खाऊन टाकतं. आणि पंपाचा पुढचा सील गळून टायमिंगचा पट्टा भिजत असेल, तर तो तुटून सबंध इंजिन जाऊ शकतं. अशा वेळी गाडी जागेवरच उभी करावी.

आमची जीप त्याच दुपारी सुरू झाली. मिस्त्रींनी काढलेली जुनी रिंग माझ्या हातावर ठेवली. करंगळीच्या नखाएवढी, वाळलेल्या चिंचोक्यासारखी कडक. संध्याकाळच्या खेपेला भाईजान निघाले, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. तीन थांब्यांवर त्यांनी खाली उतरून इंजिनाखाली पाहिलं. तिन्ही वेळा माती कोरडी होती. चौथ्या थांब्यावर ते उतरले नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)