बदनाम कंपनीची जुनी गाडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात कोणी जुनी चारचाकी घ्यायला निघाला की पहिला प्रश्न येतो तो कंपनीचा. गाडी किती चालली, कुणी चालवली, कधी पाण्यात बुडाली होती का, हे सगळं नंतर. उत्तर आवडलं नाही की समोरचा नुसती मान हलवतो आणि विषय तिथेच मिटतो. याच मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, मोठा बैलबाजार भरतो. तिथे बैल घेणाराही जात विचारतोच. डांगी म्हटलं की पावसाला टिकणार हे त्याला ठाऊक असतं. त्या जनावराची कातडीच तेलकट असते. पण निव्वळ डांगी आहे म्हणून तो पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावलं चालवतो आणि मग बोलणी करतो. गाडी घेताना मात्र तोच शहाणा माणूस जात विचारून थांबतो. कंपनीवरचा अविश्वास खोटाच असतो असं माझं म्हणणं नाही. तो भलत्या ठिकाणी खर्ची पडतो आणि जिथे खरा लागतो तिथे शिल्लक राहत नाही, ही माझी तक्रार आहे.

बदनामी येते कुठून ते आधी पाहू. टाटांची इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली. पिंपरीत बनलेली, भारतीयांनी घडवलेली गाडी म्हणून कौतुक खूप झालं, आणि पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारीही तेवढ्याच आल्या. कंपनीने दुरुस्त्या करून २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली. ती चांगली चालली; टॅक्सीवाल्यांनी तर ती वर्षानुवर्षं पिळून काढली. लोकांच्या डोक्यात मात्र पहिल्या दोन वर्षांचं मत पक्कं बसलं आणि पुढे त्या कंपनीच्या प्रत्येक गाडीला चिकटलं. इथे एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. नव्या गाडीची बदनामी बहुधा कारखान्यातून आलेल्या खोडींची असते: वायरिंग, दारांची बसवणी, एखादा कच्चा सुटा भाग. बारा वर्षं रस्त्यावर टिकलेल्या गाडीतल्या त्या खोडी एकतर कधीच दुरुस्त झालेल्या असतात, नाहीतर ती गाडी केव्हाच भंगारात गेलेली असते. आज तुमच्यासमोर उभी आहे तिचं दुखणं वेगळं आहे. रबर वाळलंय, पत्रा खाल्लाय, कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलंय. ही दुखणी वापरणाऱ्याने लावलेली असतात आणि ती नावाजलेल्या कंपनीच्या गाडीलाही तितक्याच आपुलकीने लागतात.

कंपनीची चूक कधी खरीच आणि मोठीही असते. शेवरोले टवेराचंच घ्या. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या १ लाख १४ हजार टवेरा उत्सर्जनाच्या कारणावरून परत बोलावल्या आणि प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेलं. पण अशा प्रकरणातून खरेदीदाराच्या हाती काय लागतं ते पाहा: मॉडेलचं नाव, बनल्याची वर्षं आणि नेमकं कारण. 'कंपनीच बेकार' या वाक्यातून यातलं काहीही लागत नाही. त्या वर्षांतली गाडी असेल तर दुरुस्ती झाली का, हे चेसिस नंबर देऊन विचारता येतं. ज्या संशयाला प्रश्न विचारता येतो तोच संशय कामाचा.

दुसरा गैरसमज याहून गमतीचा आहे. बोनेटवरचं चिन्ह आणि बोनेटखालचं यंत्र एकाच घरचं असतं, असं आपण धरून चालतो. 'फियाट नको बाबा, मारुतीच बरी' म्हणत ज्यांनी डिझेल स्विफ्ट घेतली, त्यांनी इंजिन फियाटचंच घेतलं. १.३ लिटरचं मल्टिजेट हे फियाटचं इंजिन मारुतीने परवान्यावर बनवलं आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगामध्ये बसवलं. तेच टाटांच्या व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये होतं, फियाटच्या पुंटो-लिनियात तर होतंच, शेवरोले सेलच्या डिझेल गाडीतही होतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा मारुतीने ते बंद केलं, तोवर देशातल्या कितीतरी कंपन्यांचा गाडा त्याच एका यंत्रावर चालत होता. हेच इंजिन पुंटोत बसवलं की लोकांना धोक्याचं वाटायचं आणि स्विफ्टमध्ये बसवलं की भरवशाचं. टोयोटा म्हणून मान मिळवणारी ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनो आहे. निसानची टेरानो आणि रेनॉची डस्टर या सख्ख्या बहिणी. उलट एकाच नावाच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने फोक्सवॅगन पोलोची धडक-चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार. त्यामुळे जुनी गाडी घेताना व्हेरियंट कोणतं हे कंपनीच्या नावाआधी विचारायला हवं. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये ती नसण्याचीच शक्यता जास्त.

यावर रास्त आक्षेप असा की सरासरीलाही काही अर्थ असतोच. हजारो गाड्यांच्या अनुभवातून एखाद्या कंपनीचं नाव खराब होतं, ते उगाच नव्हे. मान्य. नवी गाडी घेताना हा मुद्दा वजनदार आहे, कारण तेव्हा तुमच्यापुढे सरासरीखेरीज दुसरी माहितीच नसते. जुन्या गाडीचं तसं नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी निघालेल्या दोन गाड्या घ्या. एक मुंबई–नाशिक महामार्गावर एका हाताने, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करून चालली. दुसरी डोळखांबच्या आतल्या रस्त्यांवर विटा-सिमेंट वाहत, तीन मालक बदलत चालली. बारा वर्षांनंतर या दोघींतलं अंतर दोन कंपन्यांतल्या अंतरापेक्षा कितीतरी जास्त असतं. आणि ही माहिती समोर उभी असते, पाहणाऱ्याने खाली वाकायला हवं. शिवाय बदनामीची किंमत पहिल्या मालकाने आधीच भरलेली असते. नाव खराब असलेल्या गाडीचा भाव लवकर पडतो. तो पडलेला भाव तुमच्या वाट्याला येतो. पुढे विकताना तुम्हालाही कमी मिळेल हे खरं, पण समजा गाडी दीड लाखाला घेतली आणि पाच वर्षांनी साठ हजाराला गेली, तर नुकसान नव्वद हजारांचं. नावाजलेली तीन लाखांना घेऊन दीड लाखाला विकली तर ते दीड लाखाचं होतं. हिशेब मांडल्याशिवाय 'रीसेल नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मी हात टेकतो, आणि तो सुट्या भागांचा. मुरबाड-शहापूरमध्ये मारुती, महिंद्रा, टाटांचे नेहमीचे भाग काउंटरवर मिळतात, जवळचा मेकॅनिक ते डोळे मिटून बसवतो. जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपनी गेली म्हणून भाग एका रात्रीत संपत नाहीत. ब्रेक पॅड, बेअरिंग, फिल्टर, इंजेक्टर बनवणारे कारखाने वेगळेच असतात आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात तर न मिळणारी वस्तू शोधावी लागते. पण भाग मिळणं आणि आज मिळणं यात फरक आहे. भेंडी तोडून पहाटे कल्याणच्या बाजारात पोचवायची असेल आणि गाडी चार दिवस किन्हवलीच्या गॅरेजात एका सेन्सरची वाट पाहत उभी असेल, तर स्वस्त खरेदीचा सगळा नफा त्या चार दिवसांत जातो. म्हणून ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने दुर्मीळ गाडीच्या वाटेला जाऊ नये, ती कितीही उत्तम असो. आठवड्यातून एकदा कुटुंबाला घेऊन बाहेर पडणाऱ्याला ही अडचण परवडते.

मग अविश्वास ठेवायचा कशावर? आपल्या भागात तरी घाट आणि पाऊस या दोन गोष्टींवर. कसारा आणि माळशेज चढताना कूलिंग आणि क्लचची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. चढावर गाडी तापली की लगेच कळतं, काटा दिसतो. उतारावरचा धोका मुकाट असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि पाणी मुरलेलं ऑइल लवकर उकळतं. जुन्नरहून माळशेज उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला की चाकांशी उष्णता साठते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ पडून खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. बोनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी पांढरी डबी पाहा. ऑइल फिकट मधासारखं असावं. काळ्या चहासारखं असेल तर वर्षानुवर्षं कुणी बदललेलं नाही. साधारण दर दोन वर्षांनी बदलायची ही वस्तू काही शे रुपयांत होते. ज्या मालकाने तीही केली नाही त्याने बाकी काय केलं असेल, याचा अंदाज तिथेच बांधा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकणही उघडा. आत हिरवं किंवा गुलाबी कूलंट दिसलं तर ठीक. गंजाचं तांबडं पाणी किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

पावसाचं दुखणं लपवायला सोपं असतं. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. उल्हास नदीच्या त्याच पुरात बदलापूरच्या सोसायट्यांत उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून, डेंटिंग-पेंटिंग करून पुन्हा बाजारात येतात, आणि चांगल्या नावाच्या गाड्या तर आधी येतात, कारण त्यांना गिऱ्हाईक पटकन मिळतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटच्या वीतभर पट्टीवर चिखलाची रेघ राहिलेली असते, तिथे कुणी धूत नाही. स्टेपनीखालच्या खोलगट जागेत बोट फिरवा. मॅट उचलून वास घ्या. कमी रनिंगच्या आकड्याला मात्र भुलू नका. मीटर मागे घेता येतो, आणि खरोखरच उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर, रबर, बॅटरी न चालताही म्हातारे होतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे ब्रेक-क्लचचे पेडल झिजून गुळगुळीत झाले असतील, तर पेडलचं ऐका.

कायद्याबद्दलही असाच घोळ आहे. 'डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद' हा नियम दिल्ली आणि परिसरातला, २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशातून आलेला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, त्यासाठी शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. १५ वर्षांनी सरसकट भंगार हे सरकारी मालकीच्या गाड्यांबद्दल आहे, एप्रिल २०२३ पासून. त्या दिल्लीच्या नियमामुळेच तिकडच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. त्या घेताना तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरा, मग स्वस्ताई किती उरते ते पाहा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज स्टॅम्प पेपरचा. नोटरी केली, पैसे दिले, चावी घेतली की गाडी आपली झाली, असं दोन्ही बाजू समजतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक गाडी आली होती. ती हातोहात विकली गेली होती, आरटीओच्या नोंदीत नाव मात्र पहिल्याच मालकाचं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीतल्या मालकावर ठेवली. विमाही असाच नावाशी बांधलेला असतो: नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो गाडीबरोबर येत नाही, आणि विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावं लागतं. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पैसे मोजतानाच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, आणि आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.